भरली की निघेल

पप्पा, दादाने मला अर्ज लिहायला बसवलं आहे. "तू इंग्लिश मीडियमची, तू लिही. साहेबलोक वाचतील तरी," म्हणाला. अर्ज व्हॅनवाल्या जयेशच्या विरुद्ध आहे. एक आजारी माणूस गाडीत बसलेला असताना तो सीट भरायची वाट बघत राहिला, आणि त्यामुळे आमचे वडील गेले, एवढं त्यात यायला हवं. त्याचा परवाना जावा आणि तलासरीच्या लाइनवर तो पुन्हा दिसू नये, असं दादाला वाटतं.

मी दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा पहिल्याच वाक्यात अडले. 'आजारी माणूस' लिहिलं की पुढे लिहावं लागतं की तो आजारी आहे हे जयेशला कळत होतं. ते मला लिहिता येईना. मग कागद उलटा केला आणि तुमच्याशी बोलायला लागले. मराठीत, कारण इंग्रजीत तुमच्याशी कधी बोललेच नाही. मराठीतही फार बोलले असं नाही.

ती दुपार मी लोकांच्या तोंडून ऐकून जोडली आहे. तलासरीला तुम्ही तुमच्या जुन्या मित्राला, शंकरकाकांना, बघायला गेला होतात. त्यांचा पाय मोडला होता. त्यांच्याकडे जेवला नाहीत, "गॅस धरलाय" म्हणालात. नाक्यावर सोड्याच्या गाडीपाशी थांबलात. लिंबूसोडा प्यायलात, चष्मा काढून तोंडावर पाणी मारलंत आणि चष्मा तिथेच विसरलात. मग जयेशच्या व्हॅनशी आलात. ती उभी होती, रिकामी. जयेश म्हणाला, "काका, पुढे बसा ना, हवा लागंल." तुम्ही म्हणालात, "पुढची सीट गिऱ्हाइकाची. मी मागे बरा." आणि सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसलात, जिथला माणूस ड्रायव्हरला आरशातही दिसत नाही.

ही तुमच्या लाइनची रीत. लाइनचा माणूस सवारी म्हणून बसला तर त्याने चांगली सीट अडवायची नाही. पुढची आणि खिडकीची जागा लवकर भरते, तिथे गिऱ्हाईक बसलं की बाकीची येतात. आणि दुसरं, चालवणाऱ्याला 'चल' म्हणायचं नाही. त्याची गाडी, त्याचा नंबर. वर्षानुवर्षं लोक तुम्हाला "ओ शेठ, काढा ना गाडी" म्हणून त्रास द्यायचे, तेव्हा तुम्ही मला सांगायचात, "गाडी चालवलेला माणूस असं कधी बोलणार नाही. त्याला माहीत असतं."

तर तुम्ही बोलला नाहीत.

गाडी किती वेळ उभी होती, याबद्दल प्रत्येकाचं वेगळं आहे. सोडेवाला म्हणतो, थोडा वेळ. दादा म्हणतो, तासभर तरी. जयेशला विचारलं तर तो खाली बघतो. डॉक्टरांना मी एकटी असताना विचारलं होतं, लवकर आले असते तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित हो, कदाचित नाही." दादाने यातला फक्त 'हो' उचलला. मम्मीने 'नाही' उचलला. मला दोन्ही मिळाले, आणि दोन्ही एकदम धरून झोपता येत नाही.

शेवटी गाडी भरली. तुमच्या शेजारी हिरामावशी होती, तुमच्या मूळ गावची, नरपडचीच. तलासरीच्या बाजारात बोंबील विकून रिकाम्या पाट्या घेऊन परतत होती. ती चौथ्या दिवशी आली आणि मम्मीच्या मांडीवर हात ठेवून बसली. "मला वाटलं झोपला गो तुझा नवरा. म्हटलं, झोपू दे, ऊन किती झालंय. मी पाटी पायाशी घेतली नि त्याचं डोकं माझ्या खांद्यावर नीट टेकवलं. वळणं येतात ना, तर हात लावून धरला होता मी त्याला. पडायला नको म्हणून." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी बोलतच होते त्याच्याशी. तुझ्या आजाच्या बोटीच्या गोष्टी. हं नाही, हूं नाही. म्हटलं, बरा झोपलाय."

स्टेशनवर सगळे उतरले. जयेश मागे आला आणि म्हणाला, "काका, उठा. आलं डहाणू."

हिरामावशी बोटीचं बोलत होती हे मला फार लागलं, पप्पा. कारण तुमचं सगळं तिथूनच सुरू झालं होतं.

मासेमारी करणाऱ्या मांगेल्याच्या घरात जन्मून तुम्हाला बोट लागायची. मला ही गोष्ट लहानपणी इतकी गमतीची वाटायची की मी पुन्हा पुन्हा ऐकायची. आजोबांनी तुम्हाला बोटीवर नेलं आणि तुम्ही किनारा दिसेनासा व्हायच्या आत ओकायला सुरुवात केलीत. खलाशी हसायचे. "याला घाला पाटीत नि विका, अर्धा मेलाच आहे." दुसऱ्यांदा नेलं, तेच. तिसऱ्यांदा आजोबाच म्हणाले, "तू जमिनीवर काय ते कर बाबा." भावांच्या बोटी झाल्या. तुम्ही एका चिकूवाल्या शेठची जीप चालवायला लागलात, आणि पुढे स्वतःची घेतलीत.

तुम्ही सांगायचात तेव्हाचं डहाणू मला खरं वाटायचं नाही. स्टेशनच्या बाहेर टांगे. गावात जायचं तर टांगा, नाहीतर पायी. आत तलासरीकडे दिवसातून मोजक्या एसट्या. एसटी चुकली की पाड्यावरची माणसं तिथेच झाडाखाली बसून राहायची, दुसऱ्या एसटीपर्यंत. पावसात ओढ्याला पाणी आलं की तीही नाही. चिकूच्या ट्रकवर, गवताच्या गाडीवर, जे मिळेल त्यावर माणूस चढायचा. मग तुमच्यासारख्या दोघातिघांच्या जीपा आल्या. स्टेशनवर एक कोपरा ठरला, नंबर लावायची पद्धत ठरली. कुठेही लिहिलेलं नव्हतं, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. पहिला आला तो पहिला भरणार. भरली की निघणार. भरल्याशिवाय हलणार नाही.

हा शेवटचा नियम तुम्ही बोटीवरून आणला होतात. "खलाशी पुरे झाल्याशिवाय तुझा आजा बोट लोटायचा नाही. एक माणूस किनाऱ्यावर राहिला तर त्याच्या घरी चूल नाही." जीपमध्ये तुम्ही तेच लावलंत. मला ते कधी पटलं नाही. खलाशी आपल्याच बोटीचे असतात. जीपमधली माणसं कोण कुणाची?

पण तुमच्या जीपमध्ये मी पहिली सीट होते. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही.

रिकाम्या गाडीत कुणी बसत नाही. दोन माणसं दिसली की तिसरा येतो, पहिला मात्र कुणालाच व्हायचं नसतं. म्हणून सकाळी सरावलीच्या घरून तुम्ही मला युनिफॉर्मसकट स्टेशनवर न्यायचात, मधल्या बाकावर रस्त्याच्या बाजूला बसवायचात आणि खाली उभे राहून ओरडायचात, "तलासरी, तलासरी, चला, बसा, निघतेय!" निघत काहीच नसायचं. मी बसलेली असायची, टाय, दोन वेण्या, मांडीवर दप्तर. येणारे-जाणारे वाकून बघायचे. आत कोणीतरी आहे म्हटल्यावर चढायचे. मला त्या बघण्याची इतकी भीती वाटायची की मी दप्तराच्या बंदाकडे बघत बसायची. बाबूकाका, तुमचे लाइनवरचे दोस्त, चिडवायचे, "तुझी मुलगी म्हणजे बोहनी आहे रे. उद्या माझ्या गाडीत बसव." तुम्ही म्हणायचात, "ती भाड्याने मिळत नाही."

गाडी भरली की आपण आलो त्याच रस्त्याने परत निघायचो. शाळा सरावलीच्याही पुढे. म्हणजे आपल्याच घरावरून परत जाऊन मी शाळेत पोचायची, आणि तीही उशिरा. टीचर विचारायच्या, "घरची गाडी असून लेट?" वर्गाला ते फार आवडायचं.

पण गाडी तुम्ही शाळेच्या गेटपर्यंत कधी नेली नाहीत. अलीकडे आंब्यापाशी थांबवायचात. इतर मुलं चकचकीत व्हॅनमधून उतरत होती, आणि आपल्या जीपच्या मागे माणसं लटकलेली, वर कोंबड्यांचा डालगा. मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं की अलीकडे थांबवा. तुम्हाला ते कसं कळलं, हे मला विचारायचं होतं. आता वाटतं, एवढं न सांगता कळणारा माणूस, दुसऱ्यालाही आपलं असंच कळत असेल असं समजून बसला की काय त्या मागच्या बाकावर?

तुम्ही एकदा नियम मोडला होता. ते मम्मीकडून ऐकलं, तुम्ही कधी सांगितलं नाहीत. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. पाड्यावरची एक बाई, दिवस भरलेले, नवरा आणि दीर तिला झोळीत घालून रस्त्यापर्यंत घेऊन आले, तर एसटी नुकतीच गेलेली. एसटीची चूक नव्हती, ती वेळेवर गेली. तुम्ही उलट बाजूने तलासरीला चालला होतात, माणसं वाटेत उतरत जाऊन गाडी रिकामी होत आलेली, उरलेली दोन-तीन माणसं आधीच स्टेशनवर वाट बघून कंटाळलेली. तुम्ही त्यांना तिथेच उतरवलंत, जीप वळवलीत आणि त्या बाईला डहाणूला आणलंत, दुसरी एकही सवारी न घेता. मम्मी म्हणते, उतरवलेल्यांपैकी एकाने तुम्हाला आईवरून शिवी दिली आणि तुम्ही हात जोडलेत.

मी दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, "बघ! पप्पा थांबले नाहीत. जयेश थांबला." मला वाटलं होतं ही गोष्ट जयेशच्या बाजूची आहे. दादाला ती अर्जात हवी आहे.

पण दादा, त्या बाईचं दुखणं दिसत होतं. ती ओरडत होती. पप्पांचं दिसलं नाही कारण त्यांनी दाखवलं नाही. हे मी दादाला तोंडावर म्हणाले नाही. हे इथे लिहितेय, तुम्हाला. माझं नेहमीचंच.

आपलं भांडण राहिलं पप्पा. तुम्ही तलासरीला जायच्या आधीच्या रविवारचं. तसं आपण काही भांडायचो नाही, पण गाडीवरून आपलं वाजायचं. एवढ्या एकाच विषयावर मी तुमच्यासमोर तोंड उघडायची. बहुतेक म्हणूनच तुम्ही तो काढत असाल.

जवळ्याची चटणी होती. मी पालघरला ऑफिसला जाते त्या ट्रेनचं काहीतरी बोलत होते, आणि तुम्ही म्हणालात की लाइनवर आता दम नाही. प्रत्येकाच्या दारात बाइक आली. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, त्या एसटीला थांबतात. पूर्वी ट्रेन आली की जीप तिथल्या तिथे भरायची, आता व्हॅनवाले माशा मारत बसतात.

मी म्हणाले, "मग वेळेवर काढा ना गाड्या. लोक त्यासाठीच एसटीला जातात. रिकामी असली तरी ती वेळेला जाते. त्याला सर्व्हिस म्हणतात."

"आणि भरून नेतो त्याला काय म्हणतात?"

"मेंढरं."

मम्मी हसली. तुम्हीही हसलात, पण घास थांबवून. "मेंढरांना नाव नको ठेवू. मागे राहतं ना एक, त्याला लांडगा नेतो."

"आणि जी आत बसून शिजतात त्यांचं काय? त्यांना कुठे पोचायचं असेल, कुणाला हॉस्पिटलला जायचं असेल, कुणाला पेपर असेल. तुम्ही बाहेरच्याचा विचार करता, आत बसलेल्याचा करतच नाही."

हे मी म्हणाले होते, पप्पा. याच शब्दांत. तुम्ही उत्तर द्यायला तोंड उघडलंत आणि तुमचा फोन वाजला. शंकरकाकांच्या मुलाचा. पाय मोडला म्हणून. तुम्ही हात धुवायला उठलात, मग फोनवरच राहिलात, आणि मग म्हणालात की दोन दिवसांत जाऊन येतो.

उत्तर काय होतं? मी रोज एक उत्तर तुमच्या आवाजात तयार करते आणि ते रोज खोटं वाटतं. तुमचा नियम वाईट नव्हता, हे मला आता कळतं. जीप पटकन भरायची तेव्हा त्या नियमाने आतल्याचे फार तर दहा मिनिटं जायची आणि बाहेरचा एक माणूस रस्त्यावर राहायचा नाही. तुमचा नियम तोच राहिला आणि डहाणू बदललं. आता भरायला माणसंच नाहीत. तुम्ही हे स्वतःच जेवताना सांगत होतात, आणि दोन दिवसांनी त्याच न भरणाऱ्या गाडीत जाऊन मुकाट बसलात. मला तुमचा फार राग येतो. हे कुणाला सांगायची सोय नाही, लोक म्हणतील बाप जाऊन किती दिवस झाले आणि ही काय बोलते. पण येतो. तुम्ही एकदा, एकदाच म्हणायचं होतं, "जयेश, बरं वाटत नाही रे, काढ." त्याने हवेत उडवली असती गाडी.

तुम्हाला नेलं त्या दिवशी जयेश आला होता. आत आला नाही. गेटच्या बाहेर नारळाला टेकून उभा होता, चपला हातात घेऊन. दादा त्याच्यावर धावून गेला. बाबूकाकांनी मध्ये पडून दादाला धरलं. जयेश हलला नाही. मार खायलाच आल्यासारखा उभा होता. मम्मीने पाण्याचा तांब्या घेऊन मला पाठवलं, "दे त्याला, उन्हात आहे." मी दिला. तो म्हणाला, "ताई, मी त्यांना दोनदा सांगितलं पुढे बसा म्हणून." मी मान हलवली. शब्द नव्हते असं नाही, मला असल्या वेळी बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे.

दादाच्या अर्जाची खरं तर गरजच उरलेली नाही. त्याला बाद करायचं ते लोकांनीच करून टाकलंय. जयेशच्या व्हॅनमध्ये कुणी बसत नाही. बाबूकाका परवा येऊन सांगून गेले. "नंबर येतो त्याचा. आम्ही काय बोललो नाय त्याला. पण सवारी येते, गाडी बघते, नि मागच्या गाडीत जाते. बोलतात, या गाडीतून मढं आलं. एक बाई चढली होती, तिला दुसरीने हात धरून उतरवली. तो आता नंबर आला की स्वतःच मागच्याला देतो. दिवसभर उभाच." मग हळूच म्हणाले, "दोन पोरं आहेत ना त्याला. गाडीचा हप्ता हाय." दादा आतून ओरडला, "आमचा बाप गेला त्याचं काय?" बाबूकाका म्हणाले, "दोस्त तर माझा पण गेलाच ना रे." आणि चहा न घेता गेले.

इथवर काल लिहिलं होतं. अर्धा कोरा कागद राहिला होता, तो दादाने बघितला आणि विचारलं, "झाला?" मी म्हणाले, "उद्या."

आज सकाळी मी तलासरीला जायला निघाले. सोडेवाल्याने निरोप पाठवला होता की काकांचा चष्मा जपून ठेवलाय, कुणीतरी घेऊन जा. दादा बाइकवरून आणणार होता. मी म्हणाले, मी जाते. मम्मीने माझ्याकडे बघितलं. मग एवढंच म्हणाली, "विचारलं असतं ना जयेशने, तरी तुझे पप्पा 'मस्त आहे' म्हणाले असते. चाळीस वर्षं मी त्या माणसाला विचारतेय." आणि पोळी लाटायला लागली.

स्टेशनच्या कोपऱ्यावर तीन व्हॅन होत्या. पहिली जयेशची. तो बाजूला टपरीपाशी उभा होता, गाडीकडे पाठ करून. ट्रेन येऊन गेली होती. माणसं येत होती, पहिल्या गाडीशी पावलं मंदावत होती आणि दुसरीकडे जात होती. बाबूकाका दुसरीच्या दाराशी ओरडत होते, "तलासरी, तलासरी!" मला बघून त्यांचा आवाज बंद झाला. "ये पोरी, इथे बस. हीच निघतेय."

मी म्हणाले, "नंबर कुणाचा आहे?"

त्यांनी जयेशच्या गाडीकडे बघितलं.

मी जयेशच्या गाडीचं दार सरकवलं आणि मधल्या बाकावर रस्त्याच्या बाजूला बसले. तुम्ही बसवायचात तिथे. मांडीवर पर्स धरली. आणि ते सुरू झालं, ते बघणं. एक बाई वाकली, आत बघितलं, शेजारणीला म्हणाली, "त्या मेलेल्या जीपवाल्याची पोरगी आहे ती. त्या सुकटवाल्या मांगेल्यांच्या घरातली." शेजारीण म्हणाली, "स्वतःचा बाप गेलेल्या गाडीत? काय बाई." मी पर्सच्या बंदाकडे बघत राहिले. पंचविशी ओलांडली तरी मला दुसरं काही येत नाही.

बराच वेळ कुणीच आलं नाही. जयेश टपरीपासून हलला नव्हता, पण आता तोंड माझ्याकडे होतं. मला उतरून पळून जावंसं वाटलं. मग एक म्हातारे गुजराती काका आले, हातात औषधांची पिशवी, त्यांना कुणाची काही खबर नसावी. "तलासरी ने, बेन?" मी मान हलवली. ते पुढे बसले. पुढची सीट भरली. मग एक मास्तर. मास्तरांनी मला ओळखलं आणि बसले. मग दोन मुली, आश्रमशाळेत शिकवतात म्हणाल्या. मग मघाची ती बाई आली, तिची शेजारीण पण आली. "सरक गो जरा," ती मला म्हणाली. मी सरकले. बाबूकाका आता आपली जागा सोडून या गाडीच्या दाराशी उभे होते आणि घसा फाटेस्तोवर ओरडत होते.

दोन सीट राहिल्या. मागच्या बाकावरच्या. तिथे कुणी बसायला तयार नव्हतं.

जयेश आत येऊन बसला. किल्ली लावली, फिरवली नाही. उकडायला लागलं. मास्तरांनी वही काढून वारा घेतला. जयेशने आरसा हलवला, खाली, वर. त्यात मागचा बाक दिसत नाही, कितीही हलवला तरी. मग तो अख्खा मागे वळला. एकेकाच्या तोंडाकडे बघून, घोगऱ्या आवाजात म्हणाला, "कुणाला घाई आहे का? कुणाला बरं नसलं तर सांगा. मी काढतो."

लाइनवर असं कुणी कधी विचारलं नसेल, पप्पा.

आणि कुणीच काही बोललं नाही. गुजराती काकांनी औषधांची पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली आणि बाहेर बघायला लागले. मुलींनी एकमेकींकडे बघितलं. बाईने पदर तोंडाला लावला. त्यांतल्या कुणाला काय होत होतं, कोण जाणे. विचारल्यावर माणूस सांगतो असं थोडंच आहे. तुम्हीही आत असता तर बाहेर बघत म्हणाला असता, "आपलं काय, आरामात." मला ते इतकं स्पष्ट ऐकू आलं की मी मागे वळून बघितलं. बाक रिकामा होता.

मला एका चष्म्यासाठी जायचं होतं. चष्म्याला कसली घाई? घालणारा माणूसच नाही.

"मला आहे," मी म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. सगळे तसेच बसलेले. मग मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने, इतक्या मोठ्याने की बाबूकाका ओरडायचे थांबले.

"जयेशभाऊ, मला घाई आहे. काढा गाडी."

तो पुढे वळला आणि किल्ली फिरवली.

अर्ज मी लिहिणार नाही. दादाला संध्याकाळी सांगेन, तोंडावर. चष्मा माझ्या पर्समध्ये आहे, एका काचेवर सोड्याचा डाग तसाच आहे. आणि गाडी, पप्पा, दोन सीट रिकाम्या घेऊन निघाली. तुम्ही रागावला असता. रागवा.